'स्वतंत्र' म्हणजे कुणापासून स्वतंत्र? मुंबईचं रॉक आणि आपण

गेली पंधरा-सोळा वर्षं आम्ही काही मित्र मुंबईतल्या रॉक बँडच्या मागे फिरतो आहोत. कुठल्या बँडचा कार्यक्रम कुठे आहे, कुणी नवी गाणी काढली, कुणाचा ड्रमर नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि बँड बसला, हे आम्हाला माहीत असतं. आमच्यात एक शिक्षक आहे, एक कंत्राटी वायरमन, एक कुरिअरच्या ऑफिसात आहे आणि एक सीझनमध्ये बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. सगळे कुर्ला, घाटकोपर, उल्हासनगरच्या वस्त्यांतले. सगळे जयभीमवाले.

त्यामुळे आम्हाला दोन्हीकडून प्रश्न येतात. शिबिरात एखादे ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतात, "अरे, हा बड्या घरच्या पोरांचा धिंगाणा. तुमचं काय काम तिथं?" आणि तिकडे गिगला, म्हणजे त्या बँडच्या कार्यक्रमाला, कुणीतरी हसून विचारतं, "तुम्ही इथे कसे?" एकाला वाटतं आम्ही घर सोडून चाललो. दुसऱ्याला वाटतं आम्ही वाट चुकून त्याच्या घरात शिरलो. दोघांचंही एका गोष्टीवर एकमत असतं, की हे संगीत 'त्यांचं' आहे. आमचं भांडण या एकमताशी आहे.

ज्यांना या जगाची ओळख नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. मुंबईत इंग्रजी गाणी वाजवणारे बँड पूर्वीपासून होते, पण ते बहुतेक परदेशी गाण्यांच्या नकला करायचे. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' नावाचा बँड उभा राहिला आणि त्यानं स्वतःची गाणी लोकांसमोर वाजवायचा हट्ट धरला. पुढे १९९३ मध्ये त्याचंच नाव 'इंडस क्रीड' झालं. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला. मग 'पेंटाग्राम', 'झीरो', 'डेमॉनिक रिझरेक्शन', 'स्क्राइब' असे एकामागून एक बँड आले. आयआयटीच्या 'मूड इंडिगो'त बँडच्या स्पर्धा गाजू लागल्या. या सगळ्या जगाला आज 'इंडी' म्हणतात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. सिनेमापासून स्वतंत्र, मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र. आपलं गाणं आपण लिहायचं, आपण वाजवायचं, आपल्याच पैशानं रेकॉर्ड करायचं.

आम्हाला या जगानं ओढलं ते याच गोष्टीमुळे. ज्या देशात गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं असं समीकरण झालं आहे, तिथं चार पोरं उभी राहतात आणि नायक-नायिका नसलेलं, कुठल्याही पडद्यावर न दिसणारं गाणं वाजवतात. समोर कधी पाचशे लोक असतात, कधी वीस. वीस असले तरी ते त्याच जोरानं वाजवतात. हे पाहिलं की आम्हाला आपले जलसाकार आठवायचे. जलशाच्या फडात तरी दुसरं काय होतं? स्वतः रचलेलं, स्वतः गायलेलं, कुणाच्या मेहेरबानीवर न चालणारं गाणं. म्हणून आम्ही जात राहिलो आणि आजही जातो.

पण प्रेम आहे म्हणून डोळे मिटायचे, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेलं नाही. म्हणून या 'स्वतंत्र' शब्दाची झडती घ्यावी लागते.

रंगभवनापासूनच सुरुवात करू. ते उघडं नाट्यगृह. सीएसएमटीवर उतरलं की चालत जाता येतं. विरारचा पोरगा येऊ शकतो, अंबरनाथचाही. दारू नाही, टेबल नाही, जेवणाचं बिल नाही. तिकीट काढा आणि आत या. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या आसपास कॉलेजही आहे आणि रुग्णालयंही आहेत. तिथला मोठ्या आवाजाचा कार्यक्रम संपला. नियम वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. आजारी माणसाला झोप हवी, हे कुणीही मान्य करेल. पण एक सार्वजनिक जागा गेल्यावर तिच्या बदल्यात दुसरी सार्वजनिक जागा कुणी मागितली नाही. शासनानं दिली नाही, बँडनी त्यासाठी आंदोलन केलं नाही. संगीत चार भिंतींच्या आत गेलं. चार भिंती म्हटलं की मालक आला, दारू आली, प्रवेशाचे पैसे आले आणि दारावर उभा असलेला माणूस आला.

त्या चार भिंती कुठे उभ्या राहिल्या, हेही पाहायला हवं. पुष्कळशा गिरणगावात. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं. शहरातल्या स्वतंत्र संगीताचं ते सर्वांत नावाजलेलं ठिकाण होतं. २०१६ मध्ये ते बंद झालं. आजूबाजूच्या मिलच्या आवारांत आणखी ठिकाणं आली आणि गेली. आत जाणाऱ्या बहुतेकांना 'मिल' हा पत्त्यातला एक शब्द वाटतो. आम्हाला तसा वाटू शकत नाही. आमच्यातल्या दोघांचे आजोबा गिरणीत होते. आणि गिरणीत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत, हे आपण विसरलेलो नाही. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. पगार जास्त त्या खात्यात, आणि तेच खातं आपल्याला बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांसमोर हाच प्रश्न ठेवला: तुमच्या कामगार एकजुटीत आमची जागा कुठे आहे?

त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या दारांसमोर आम्ही किती वेळा उभे राहिलो असू! तिथं जात कुणी विचारत नाही. यादीत नाव आहे का, एवढंच विचारतात. यादी मित्रांची असते, आणि मित्र शाळेतले असतात. आत गेल्यावर गप्पांत आडनावाची चौकशी होत नाही, शाळेची होते. "कुठल्या शाळेतला तू?" शाळेचं नाव सांगितलं की घर कळतं, घर कळलं की बाकीचं आपोआप कळतं. आमच्यातल्या वायरमन मित्रानं एकदा महापालिकेच्या शाळेचा नंबर सांगितला. समोरच्याला आधी तो विनोद वाटला. मग तो गडबडला आणि फार प्रेमानं वागू लागला. त्या प्रेमाचाच आम्हाला जास्त त्रास झाला. एका ठिकाणी तर आमच्या पायातल्या चपला पाहून आम्हाला बाजूला उभं केलं, आणि आमच्याच मागून चपला घातलेला एक लांब केसांचा मुलगा सरळ आत गेला. चपलेचा नियम होताच. तो कुणाच्या पायाला लावायचा, एवढाच प्रश्न होता.

आणि वेळ. गिग नऊची असली तर मुख्य बँड अकराला उभा राहतो. रात्री एकच्या सुमारास लोकल थांबतात आणि पहाटे चारनंतर पुन्हा सुरू होतात. ज्याला कल्याण-उल्हासनगरला जायचं आहे त्यानं शेवटची दोन गाणी सोडायची, नाहीतर करी रोडच्या बाकावर पहाट करायची. आमच्या गटातल्या दोन मुलींनी यायचंच सोडलं, त्याचं कारण संगीत नव्हतं. ते मधले तीन तास होते.

हे झालं ऐकणाऱ्यांचं. वाजवणाऱ्यांचा हिशेब त्याहून कठीण आहे. गिटार, ॲम्प्लिफायर, ड्रमसेट. तासाच्या भाड्यानं घ्यावी लागणारी सरावाची खोली. गाणं रेकॉर्ड करायचं तर स्टुडिओचे पैसे वेगळे. आणि हे सगळं करून पहिली पाच-सात वर्षं हाती काही लागत नाही. मग टिकतं कोण? ज्याच्या घरी त्याच्या पगाराची कुणी वाट पाहत नाही तो. म्हणजे ज्याला आपण 'स्वतंत्र संगीत' म्हणतो, त्याची खरी कंपनी घरीच बसलेली असते. ती बापाच्या नावानं चालते आणि आजोबाच्या इस्टेटीवर उभी असते. सिनेमापासून स्वातंत्र्य मिळालं ते जातीनं पिढ्यान्‌पिढ्या साठवून दिलेल्या पैशावर. यात त्या एकेका मुलाचा दोष आहे असं आम्ही म्हणत नाही. अनेक जण मनापासून राबतात. सगळे श्रीमंत सवर्ण घरांतले आहेत असंही नाही. वांद्रे, ऑर्लेमच्या ख्रिस्ती वस्त्यांतली साध्या घरांतली पोरं चर्चमध्ये गिटार शिकली आणि या शहराच्या रॉकचा कणा झाली. पण हेच उदाहरण काय सांगतं? त्यांच्याकडे चर्च होतं. वाद्य होतं, शिकवणारा होता, रविवारी वाजवायला हक्काची जागा होती. संस्था असली की गरीब घरातूनही वादक तयार होतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचं आहे.

आता गाण्यांकडे येऊ. अमेरिकेतल्या 'रेज अगेन्स्ट द मशीन' या बँडची गाणी इथले कितीतरी बँड वाजवतात. पोलिसांच्या वर्णद्वेषावर संतापलेलं त्यांचं एक गाणं लागलं की सगळा हॉल उड्या मारतो. आम्हीही मारल्या आहेत. १९९२ साली लॉस एंजेलिसमधल्या बँडनं काढलेल्या गाण्यावर मुंबईतल्या पोरांच्या मुठी वळतात, हे चांगलंच आहे. पण त्याच मुंबईत ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी त्या दुःखात स्वतःचं जीवन संपवलं. लोअर परळच्या त्या हॉलपासून रमाबाई नगर लोकलनं तासाभराच्या आत येतं. इतक्या वर्षांत आम्ही ऐकलेल्या एकाही रॉक बँडच्या गाण्यात ते नाव आम्हाला ऐकू आलं नाही. २००६ चं खैरलांजी नाही, २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला तेव्हाही नाही. भ्रष्टाचारावर गाणी आली, प्रदूषणावर आली, राजकारण्यांवर तर खूपच आली. अमेरिकेतला वर्ण दिसतो आणि दारातली जात दिसत नाही, याला नजर कमजोर आहे असं म्हणता येणार नाही. ही सोय आहे.

इथं आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील, "बघा, आम्ही हेच सांगत होतो. सोडा तो नाद." त्यांच्याशी आमचा वाद इथूनच सुरू होतो.

रॉक हे सवर्ण पोरांनी शोधलेलं संगीत नाही, आणि गोऱ्यांनीही नाही. ते अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लूजमधून आणि त्यांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलं. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून देवाची गाणी गायची, तेव्हा रॉक अँड रोल हा शब्दही रुळलेला नव्हता. काळ्या कलावंतांच्या रेकॉर्ड वेगळ्या यादीत ठेवल्या जात. 'बिलबोर्ड' या नियतकालिकात त्या यादीचं नावच 'रेस रेकॉर्ड्स' होतं. १९४९ मध्ये ते बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. म्हणजे गाण्यांचासुद्धा गावकुसाबाहेरचा वाडा होता. 'हाउंड डॉग' हे गाणं बिग मामा थॉर्न्टन या काळ्या गायिकेनं १९५२ मध्ये रेकॉर्ड केलं. १९५६ मध्ये तेच एल्विस प्रिस्लेनं गायलं आणि जगभर नाव त्याचं झालं. ही गोष्ट ऐकताना आपल्याला आपले शाहीर आठवत नाहीत का? ज्यांची गाणी घराघरांत वाजली आणि ज्यांच्या घरात औषधाला पैसे नव्हते?

काळ्यांशी आपलं नातं कुणी नव्यानं जोडून द्यायची गरज नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी संघटना काढली तेव्हा नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. मग त्याच लोकांच्या संगीताबद्दल "हे आपलं नाही" असं आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं? हा वारसा सांगायचा हक्क आपल्याला त्या हॉलमधल्या कुणाहीपेक्षा कमी नाही.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मुंबईतलं पहिलं स्वतंत्र संगीत कुठलं? आमचं उत्तर असं आहे, की आंबेडकरी जलसा. भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगाव, चाळीचाळींत जलसे करत होते तेव्हा त्यांच्यामागे ना कंपनी होती ना प्रायोजक. लोकांची वर्गणी, कुणाच्या तरी घरची भाकरी आणि स्वतः रचलेलं गाणं. एका जलशानं जे होतं ते अनेक भाषणांनी होत नाही अशी बाबासाहेबांची भावना होती, असं चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पुढे वामनदादा कर्डक आले. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे आले. कॅसेट आली तेव्हा आपली गाणी रेडिओवर आणि टीव्हीवर औषधापुरती होती, पण सहा डिसेंबरला शिवाजी पार्कावर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर कॅसेटचे ढीगच्या ढीग विकले जात होते. जाहिरात नाही, समीक्षा नाही, पुरस्कार नाही. स्वतःचे लेखक, स्वतःचे गायक, स्वतःचा बाजार. याला 'इंडी' म्हणत नाहीत, तर मग इंडी कशाला म्हणतात?

आजही बघा. या शहरात विजेवर वाजणारं सर्वांत लोकप्रिय जिवंत संगीत कुठलं? बेंजो पार्टीचं. टाइपरायटरसारखी बटणं असलेला तो बेंजो, त्याचा ॲम्प्लिफायरमधून फाटून येणारा आवाज, सोबत कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ताशा, ढोल. जयंतीला, हळदीला, मिरवणुकीला. त्या फाटक्या आवाजासाठी रॉकवाले पेडल विकत घेतात. आमचा ऑक्टोपॅडवाला मित्र टेम्पोवर उभा राहून सहा-सहा तास ताल सोडत नाही. एका बँडच्या सरावाला आम्ही त्याला घेऊन गेलो होतो. त्यांचा ड्रमर आला नव्हता. यानं गाणं एकदा ऐकलं आणि दुसऱ्यांदा बरोबर वाजवलं. त्यांनी विचारलं, "कुठे शिकलास?" हा म्हणाला, "मिरवणुकीत." त्यांनी त्याला बँडमध्ये बोलावलंही, मनापासून. पण सराव मंगळवार-गुरुवार दुपारी, आणि याची दुपार गोदामात जाते. तिथंच विषय संपला. त्याच्या हातात कसर नव्हती. दुपार त्याच्या मालकीची नव्हती.

चामड्याचं वाद्य वाजवणं हे गावात आपल्या माणसांवर लादलेलं काम होतं. हलगी वाजवणाऱ्याला मिरवणुकीत पुढे आणि पंगतीत बाहेर ठेवत. चामड्याच्या जागी प्लॅस्टिकचा पडदा आला, हलगीच्या जागी ड्रमसेट आला, आणि तेच काम एकदम प्रतिष्ठेचं झालं. वाद्य बदललं म्हणून की वाजवणारा बदलला म्हणून, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

चेन्नईत हा प्रश्न विचारला गेला, आणि नुसता विचारून ते थांबले नाहीत. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभं केलं. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. नाव घेतलं ते पंडित अयोथी दास यांच्या 'जात नसलेले तमिळ' या कल्पनेवरून. १८९८ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारणारे तेच अयोथी दास. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधलं 'गाना' हे गाणं, मयताच्या वाद्याचा शिक्का बसलेली 'परई', आणि बाजूला इलेक्ट्रिक गिटार, ड्रमसेट. आरक्षणावर गाणं, बाबासाहेबांवर गाणं. त्या संचात गाना गाणारी इसैवाणी होती, जिचं नाव २०२० मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत आलं. त्यांनी कुठल्या हॉलच्या दारावर यादीत नाव आहे का म्हणून विचारलं नाही. स्वतःचा मंच बांधला आणि गिटारवाल्यांना त्यावर बोलावलं. ही दिशा आम्हाला पटते.

मुंबईत असं रॉकमध्ये झालं नाही, रॅपमध्ये थोडं झालं. 'स्वदेसी'सारख्या गटानं २०१९ मध्ये आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलावर गाणं केलं. वस्त्यावस्त्यांत आज पोरं रॅप करतात, त्यात जयभीमचं नाव ताठ मानेनं येतं. रॅप पुढे का गेलं याचं कारण साधं आहे. त्याला खोली लागत नाही, वाद्य लागत नाही. एक मोबाइल पुरतो. कडूबाई खरात यांचा आवाजही एकतारी आणि मोबाइलवरच घराघरांत पोचला. पण चार-पाच जणांनी एकत्र बसून वर्षभर सराव करायचा असेल, एकमेकांचं ऐकायला शिकायचं असेल, तर मोबाइल पुरत नाही. जागा लागते, वाद्य लागतं, वेळ लागतो. म्हणजे संस्था लागते. चर्चचा मुद्दा इथं परत येतो.

आपल्याकडे संस्था नाहीत का? वस्तीवस्तीत बुद्धविहार आहेत, समाजमंदिरं आहेत. कित्येक ठिकाणी ती वंदनेनंतर दिवसभर कुलुपात असतात. तिथं एक जुना ड्रमसेट, दोन गिटार, एक कीबोर्ड ठेवता येणार नाही? अभ्यासिका चालते तशी सरावाची खोली चालवता येईल. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या की शेजाऱ्यांनाही त्रास नाही. जयंतीला आपण डीजेच्या भिंती उभ्या करतो. त्या भिंतींनी आपलेच गायक, आपल्याच कव्वाली पार्ट्या, आपलेच वादक बेकार केले. डीजेचं एका रात्रीचं भाडं वाचवलं तर एका बँडची वाद्यं येतील. आपल्यातली पोरं वायरमन आहेत, साऊंडवाल्यांकडे हमाली करतात. त्यांना साऊंड इंजिनिअरिंग शिकवा. मंच ज्याच्या हातात, माईक कधी बंद करायचा हेही त्याच्याच हातात असतं.

आणि हक्कांचं शिक्षण. आपल्या शाहिरांनी एकरकमी चार पैसे घेऊन गाणी कंपन्यांना देऊन टाकली. कागदावर काय लिहिलं आहे ते वाचून दाखवणारंही कुणी नव्हतं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता सहजासहजी लिहून घेता येत नाही. पण हा हक्क आपोआप घरी चालत येत नाही. गाण्यांची नोंद करावी लागते, आयपीआरएससारख्या संस्थेचं सभासद व्हावं लागतं. वस्तीतल्या किती गीतकारांची ही नोंद झाली आहे? वकिली शिकणाऱ्या आपल्या पोरांनी हे काम हातात घेतलं तर ते एखाद्या मोर्चाइतकंच मोलाचं ठरेल.

शेवटी एक गोष्ट चळवळीतल्या आपल्याच माणसांना सांगायची आहे, आणि ती कदाचित सगळ्यांना रुचणार नाही. आपण आपल्या गाणाऱ्या पोराला मंचावर बोलावतो तेव्हा एकच अपेक्षा ठेवतो, की त्यानं बाबासाहेबांवर गावं किंवा अत्याचारावर गावं. ती गाणी हवीतच. ती नसती तर आपण इथवर आलो नसतो. पण त्या हॉलमधल्या सवर्ण पोराला पावसावर, प्रेमावर, सोमवारच्या कंटाळ्यावर, काहीच अर्थ नसलेल्या ओळींवर गाणं करायची मोकळीक आहे. आमच्या ऑक्टोपॅडवाल्या मित्रानं गोदामातल्या दुपारवर एक गाणं लिहिलं आहे. त्यात घोषणा नाही. ट्रक येतो, ट्रक जातो, डब्यातली भाजी आंबते, एवढंच आहे. एका कार्यक्रमात आयोजकांनी ते गाणं गाऊ दिलं नाही. "विषयाला धरून नाही" म्हणाले. आम्हाला विचाराल तर ते पूर्णपणे विषयाला धरून आहे. जातिव्यवस्थेनं आपलं काम ठरवलं, वस्ती ठरवली, वाद्यसुद्धा ठरवलं. आता आपल्या पोरानं कशावर गायचं हे तिनेही ठरवायचं नाही आणि आपणही नाही. ज्याला फक्त आपल्या वेदनेवरच बोलायची परवानगी आहे, तो अजून पुरता मोकळा झालेला नाही.

म्हणून आम्ही त्या हॉलमध्ये जाणं सोडणार नाही. तिकीट काढून जाऊ, चांगलं वाजवलं तर दाद देऊ, आणि जे ऐकू येत नाही त्याबद्दल मराठीत लिहीत राहू. पण आमची शक्ती त्या दारावर खर्च होणार नाही. ती आपल्या विहाराच्या खोलीत लागली पाहिजे. आमच्या वस्तीत आम्ही विहार कमिटीकडे दुपारच्या तीन तासांसाठी अर्ज केला आहे, रविवारसाठी, कारण आमची दुपार रविवारीच आमची असते. एक सेकंडहँड ड्रमसेट पाहून ठेवला आहे, वर्गणी सुरू आहे. कमिटीतल्या एका आजोबांनी विचारलं, "आवाज फार होईल का रे?" आम्ही म्हणालो, "होईल आजोबा." ते म्हणाले, "मग होऊ दे. आधीच उशीर झालाय."

तुमच्या वस्तीतलं विहार दुपारी उघडं असतं का, ते एकदा बघून या.

जयभीम.